इंग्लंडातल्या गावात राहता ना, मग पॅरिश काउन्सिलच्या मीटिंगला जा

मार्चमध्ये काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल येतं तेव्हा आपल्यातले बहुतेक जण खालचा मोठा आकडा बघतात, डायरेक्ट डेबिट चालू आहे ना एवढी खात्री करतात आणि कागद ड्रॉवरमध्ये जातो. पण त्या बिलात वेगवेगळ्या ओळी असतात, कौंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखी) किती, डिस्ट्रिक्टचे (तालुक्यासारखा त्याखालचा भाग) किती, पोलिसांचे किती, फायर ब्रिगेडचे किती, आणि शहराबाहेर राहत असाल तर त्यातच एक ओळ आपल्या गावाच्या नावाची असते. बाकीच्यांच्या मानानं आकडा छोटा असतो त्यामुळे नजर तिथे थांबत नाही. ही पॅरिश काउन्सिलची ओळ. मला आज तिच्याबद्दलच लिहायचंय, कारण इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर शाळा, मॉर्गेज, व्हिसा, भाजी कुठे चांगली मिळते सगळ्यावर चर्चा होते, पण आपण राहतो त्या गावाचा कारभार कोण चालवतं यावर कधीच होत नाही, आणि मला मनापासून वाटतं की व्हायला पाहिजे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वाढले. आजोबा पंचायतीत मेंबर होते, ग्रामसभा असली की आदल्या रात्री आमच्या ओट्यावर माणसं यायची, पाण्याच्या टाकीवरून, गटारावरून, कुणाच्या घरकुलाचं नाव यादीत आलं आणि कुणाचं गळालं यावरून तास तास बोलणं व्हायचं, आई आतून चहा पाठवायची. तेव्हा कळत काहीच नव्हतं पण गावाचं काम म्हणजे आपल्या घरातलंच काम असं डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे इथे दक्षिण इंग्लंडमधल्या गावात राहायला आल्यावर चर्चच्या रस्त्यावरच्या लाकडी बोर्डावर काचेआड लावलेला अजेंडा दिसला तेव्हा तो वाचल्याशिवाय पुढे जाववलंच नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. पॅरिश हे नाव चर्चशी जोडलेलं असल्यानं अनेकांना ती धार्मिक संस्था वाटते. तसं नाहीये. चर्चची स्वतःची वेगळी कमिटी असते आणि पॅरिश काउन्सिल ही सरकारी कायद्यानं बनलेली, निवडून आलेली संस्था आहे, आपल्या ग्रामपंचायतीसारखी सगळ्यात खालची पायरी. पूर्वी गावाचा कारभार व्हेस्ट्री नावाच्या बैठकीत चालायचा, म्हणजे पाद्री आणि जमीनदार मंडळी ठरवणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. १८९४ च्या कायद्यानं तो कारभार चर्चकडून काढून निवडून आलेल्या पंचायतीकडे दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या, गावाच्या सभेत हात वर करून. आणि त्या पहिल्या निवडणुकीपासून बायकांना उभं राहता येत होतं, लग्न झालेल्या बायकांनासुद्धा! पार्लमेंटसाठी बायकांना मत मिळालं १९१८ साली, तेही सगळ्यांना नाही. म्हणजे इथल्या बाईला देशाच्या कारभारात मत नव्हतं तेव्हा गावाच्या पंचायतीत खुर्ची मिळू शकत होती. हे वाचलं तेव्हा मला खरंच भारी वाटलं.

आज इंग्लंडमध्ये अशा साधारण दहा हजार पॅरिश आणि टाउन काउन्सिल आहेत. काही इतक्या छोट्या की पाच मेंबर (पाचपेक्षा कमी चालतच नाहीत) आणि आठवड्याला काही तास काम करणारा एक क्लार्क, तर काही एखाद्या नगरपालिकेएवढ्या. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये कम्युनिटी काउन्सिल असतात पण स्कॉटलंडमधल्यांना टॅक्स लावता येत नाही, ती वेगळी गोष्ट, मी इंग्लंडपुरतं लिहितेय.

आता यांच्या हातात काय असतं? रस्त्यातला खड्डा त्यांच्या हातात नसतो. हे पहिलंच सांगितलेलं बरं, कारण दर मीटिंगला कुणीतरी खड्ड्याची तक्रार घेऊन येतंच आणि क्लार्क शांतपणे सांगते की हे हायवे म्हणजे रस्ते विभागाचं काम, मी कळवते. शाळा, दवाखाना, कचऱ्याची गाडी, यातलं काहीच त्यांचं नाही. मग राहिलं काय, तर बस शेल्टर, बाकं, मुलांचं खेळायचं मैदान, गावाचं हिरवळीचं पटांगण, काही ठिकाणी दफनभूमी, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक, फूटपाथवरचे दिवे, कुत्र्यांच्या घाणीचे डबे, गाड्यांचा स्पीड दाखवणारा तो चमकणारा बोर्ड, अलॉटमेंट म्हणजे भाड्यानं मिळणारे भाजीचे वाफे. बीटी कंपनीनं वापरात नसलेले लाल टेलिफोन बूथ एकेका पाउंडाला गावांना दिले, त्यात बऱ्याच गावांनी डिफिब्रिलेटर (हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र) बसवले, तेही काम बहुतेक वेळा पॅरिशनंच केलेलं असतं. वाचायला किरकोळ वाटेल. पण पोर पार्कात घेऊन गेल्यावर झोपाळ्याची साखळी गंजलेली आहे की नवीन, हे ज्या टेबलावर ठरतं ते हे टेबल.

पैशाचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पॅरिश काउन्सिल हिवाळ्यात पुढच्या वर्षाचं बजेट बनवते, लागतील तेवढ्या पैशांची मागणी वरच्या काउन्सिलला (बहुतेक गावांत डिस्ट्रिक्टला) कळवते, तिला प्रीसेप्ट म्हणतात, आणि वरची काउन्सिल ते पैसे आपल्या बिलातून गोळा करून पॅरिशला देते. आपल्याकडे ग्रामपंचायतीला घरपट्टी पाणीपट्टी असते पण मोठा भार वित्त आयोगाच्या निधीवर आणि योजनांवर असतो, त्यामुळे गावातला माणूस सहज म्हणतो की वरून पैसे आले, खर्च झाले. इथे वरून जवळपास काही येत नाही. जे आहे ते गावकऱ्यांच्याच खिशातलं. मोठ्या काउन्सिलनी टॅक्स ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त वाढवला तर त्यांना सार्वमत घ्यावं लागतं, पॅरिशवर आजवर सरकारनं तशी मर्यादा लावलेली नाही. म्हणजे एखाद्या जानेवारीच्या थंडीत हॉलमध्ये सातआठ माणसं बसून हात वर करतात आणि आपल्या सगळ्यांच्या बिलातली ती ओळ वाढते, कायदेशीरपणे, आणि समोर प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर अनेकदा एकही माणूस नसतो.

तिथेच माझा जीव तुटतो खरं सांगायचं तर. कारण बंद दाराआड काही चाललेलं नसतं, दार उघडंच असतं. मीटिंगच्या आधी पूर्ण तीन दिवस, नोटीस लावल्याचा दिवस आणि मीटिंगचा दिवस सोडून, रविवार आणि बँक हॉलिडे पण सोडून, अजेंडा लोकांना दिसेल अशा जागी लागला पाहिजे असा नियम आहे. आणि अजेंड्यावर जो विषय नाही त्यावर ठराव करताच येत नाही, ऐनवेळचे विषय म्हणून काहीतरी आत सरकवलं असं चालत नाही. वर्षातून किमान चार बैठका व्हायलाच हव्यात, पण बहुतेक गावांत महिन्याला किंवा दोन महिन्यांनी होतात. कायद्यात असंही आहे की दारूच्या परवान्याच्या जागेत मीटिंग घ्यायची नाही, दुसरी बरी जागा फुकट किंवा परवडणाऱ्या भाड्यात मिळतच नसेल तर गोष्ट वेगळी. इथल्या खेड्यात पब हा सगळ्यांचा चावडीचा कट्टा असतो हे लक्षात घेतलं की हा नियम किती विचार करून केलाय ते कळतं. निर्णय हॉलमध्ये, मग पाहिजे तर पबमध्ये जा.

लोकांना आत येऊन बसायचा हक्क १९६० च्या कायद्यानं मिळाला. तो कायदा आणणाऱ्या खासदार होत्या मार्गारेट थॅचर, नुकत्याच निवडून आलेल्या, आणि पार्लमेंटमधलं त्यांचं पहिलं भाषण याच विधेयकावर होतं. २०१४ पासून मीटिंगचं रेकॉर्डिंग करायला पण परवानगी आहे. पण यात एक गोष्ट माहिती पाहिजे. आत बसायचा हक्क आहे, बोलायचा नाही. काउन्सिल आपल्या नियमात दहापंधरा मिनिटं लोकांसाठी ठेवते, त्यात तुम्ही बोलायचं, ते संपलं की गप्प बसून ऐकायचं, चर्चा मेंबर करणार आणि मत तेच देणार. ग्रामसभेत वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला फार जड जातं. आपल्याकडे गावातला प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद, उठून सरपंचाला विचारणार, ग्रामसेवकाला विचारणार, आवाज चढणार, कुणीतरी मागून ओरडणार. मला अजूनही तीच पद्धत जास्त जिवंत वाटते. पण कित्येक गावांत कोरमला माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि नंतर रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या होतात, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे तसं होत नाही, इथे तीनचार माणसं का असेना पण जे ठरलं ते मिनिट्समध्ये म्हणजे इतिवृत्तात येतं, पुढच्या मीटिंगला मंजूर होतं, सही होते आणि वेबसाइटवर लागतं.

अजून एक फरक. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा माणूस, बदली होऊन येतो, बदली होऊन जातो. इथला क्लार्क पंचायतीनं स्वतः जाहिरात देऊन नेमलेला असतो, पगार पंचायत देते, आणि कायदा, हिशोब, पत्रव्यवहार सगळं त्याच्याकडे. मेंबरना बहुतेक ठिकाणी एक पेनी मिळत नाही. चेअरमन दर मे महिन्यात मेंबरांनी आपल्यातूनच निवडायचा, थेट जनतेतून सरपंच वगैरे इथे नाही. पक्षांचे झेंडेही छोट्या गावात फारसे दिसत नाहीत, बरेचसे लोक अपक्षच. म्हणजे भांडणं नसतात असं नाही, २०२१ मध्ये चेशरमधल्या हँडफोर्थ पॅरिश काउन्सिलच्या झूम मीटिंगमधल्या भांडणाचा व्हिडिओ जगभर फिरला होता, आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पण आला होता. पण त्या एका व्हिडिओवरून सगळ्यांचं माप काढू नये. मी बघितलेल्या मीटिंग बहुतेक शांत असतात, थोड्या कंटाळवाण्या असतात, आणि काम होतं.

काम कसं होतं त्याचं एक उदाहरण देते. आमच्या गावाच्या टोकाच्या शेतात घरं बांधायचा प्लॅनिंग अर्ज आला. असा अर्ज आला की वरची काउन्सिल पॅरिशचं मत मागवते, साधारण २१ दिवसांत द्यायचं असतं, निर्णय मात्र वरचीच घेते. त्या संध्याकाळी हॉल भरला, खुर्च्या कमी पडल्या. आणि जो तो उठून सांगत होता की आमच्या खिडकीतून दिसणारी टेकडी जाईल, आमच्या घराची किंमत पडेल. क्लार्कबाईंनी फार चांगलं समजावलं, की प्लॅनिंगच्या कायद्यात खिडकीतून दिसणारा देखावा आणि घराची किंमत या गोष्टी धरतच नाहीत, त्यावर कितीही पत्रं लिहिलीत तरी ती बाजूला जातील, त्याऐवजी रस्त्यावरचा ट्रॅफिक, पाण्याचा निचरा, शेजारच्या घरात थेट नजर जाणं, झाडं, यावर लिहा. मग एका आजींनी सांगितलं की खालच्या गल्लीत दर हिवाळ्यात पाणी भरतं, नाला जुना आहे, वर घरं झाली तर सगळं पाणी खालीच येणार. आमच्याकडे त्या पाण्याचे फोटो होते, शाळेत पोरांना सोडताना काढलेले, ते मी क्लार्कला मेल केले, अजून दोघातिघांनी केले. एका मेंबरची स्वतःची जमीन त्या शेताला लागून होती, त्यांनी सुरुवातीलाच तसं जाहीर केलं आणि तो विषय निघाल्यावर उठून बाहेर गेले, मत दिलं नाही. मला ती गोष्ट फार आवडली. कुणी त्यांना सांगितलं नाही, आरडाओरडा नाही, नियम आहे म्हणून उठले.

घरं मंजूर झाली. व्हायलाच हवी होती असं माझं मत आहे, गावातल्या तरुण पोरांना गावात घर परवडत नाही ही इथली मोठी अडचण आहे आणि प्रत्येक घराला विरोध करणारी मंडळी मला पटत नाहीत. पण मंजुरीबरोबर पाण्याच्या निचऱ्याची कडक अट आली, आधी निचऱ्याचं डिझाइन दाखवा मग पाया खणा. पॅरिशच्या पत्रात जे मुद्दे होते तेच. ती आजी त्या संध्याकाळी घरी बसली असती तर तो मुद्दा कागदावर आला असता का, मला शंका आहे.

शिवाय जिथे कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही लागू आहे तिथे बिल्डरकडून घेतलेल्या त्या पैशातला १५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो, आणि गावानं स्वतःचा नेबरहूड प्लॅन बनवून गावाच्या सार्वमतात पास करून घेतला असेल तर २५ टक्के. म्हणजे कुठे घरं व्हावीत, कुठे नकोत हे गावानं आधीच बसून लिहून ठेवलं तर त्याला कायद्यात वजन आहे आणि वर पैसेही जास्त. आमच्या गावाचा प्लॅन अजून झालेला नाही. करायला माणसं नाहीत म्हणून.

माणसं नाहीत हे इथलं खरं दुखणं आहे. निवडणूक दर चार वर्षांनी असते पण अनेक गावांत जागांएवढेही अर्ज येत नाहीत, मग जे उभे राहिले ते बिनविरोध आणि उरलेल्या जागा काउन्सिल कुणाला तरी विचारून भरते. मधे जागा रिकामी झाली तर दहा मतदारांनी लिहून मागणी केली तरच पोटनिवडणूक, नाहीतर परत तसंच, स्वीकृत सदस्य. म्हणजे बऱ्याच गावांत मेंबर व्हायला निवडणूक जिंकायची नसते, हात वर करायचा असतो.

आणि इथे मी आपल्या लोकांशी थेट बोलते. ग्रुपवर हा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, आपण व्हिसावर, आपल्याला कुठलं मत इथे?" तर आहे मत! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे भारतीय नागरिक इथे कायदेशीरपणे राहत असेल, वर्क व्हिसा असो की स्टुडंट, तर त्याला मतदार यादीत नाव घालता येतं आणि मत देता येतं, पॅरिशपासून पार्लमेंटपर्यंत. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. निवडणुकीला उभं राहायला मात्र इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे कायम राहायची परवानगी लागते, किंवा अर्थात ब्रिटिश नागरिकत्व. त्याशिवाय वय १८ पूर्ण, आणि मतदार यादीत नाव किंवा मागचं वर्षभर त्या पॅरिशमध्ये काम किंवा तिच्या तीन मैलांच्या आत राहणं, यातलं काहीतरी एक. अर्जावर एक सुचवणारा, एक अनुमोदन देणारा, बस. डिपॉझिट नाही. पोर्तुगालच्या पासपोर्टवर आलेल्या गोव्याच्या मंडळींनाही स्थानिक निवडणुकांपुरतं हे लागू आहे, पार्लमेंटसाठी नाही, ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या बऱ्याच देशांच्या नागरिकांचे हे हक्क कमी झाले पण पोर्तुगालबरोबर वेगळा करार आहे, त्यामुळे त्यांचं मत आणि उभं राहणं दोन्ही शाबूत आहे. स्विंडनमध्ये गोव्याची एवढी माणसं राहतात आणि तिथे तर शहरातसुद्धा पॅरिश आहेत.

"पण आपण बाहेरचे, उगाच कशाला मधे पडायचं, लोक काय म्हणतील" असं मला वयानं मोठ्या एका काकांनी समजावलं होतं, चांगल्या मनानंच. मला ते पटत नाही. टॅक्स आपण भरतो. पोरं इथल्या शाळेत जातात, त्याच झोपाळ्यावर बसतात, त्याच बसस्टॉपवर पावसात भिजतात. दिवाळीला गावचा हॉल आपल्याला हवा असतो. आणि माझा अनुभव असा की तुम्ही मागच्या खुर्चीवर येऊन बसलात की तिसऱ्याचौथ्या वेळेला लोक नावानं ओळखायला लागतात, रस्त्यात थांबून विचारतात की त्या बस शेल्टरचं काय झालं गं, तू होतीस ना मीटिंगला. वर्षानुवर्षं नुसतं हाय हॅलो करून जे झालं नसतं ते तिथे होतं.

आता वेळ पण तशी आलीय. सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की जिथे कौंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पायऱ्या आहेत तिथे त्या काढून एकच मोठी युनिटरी काउन्सिल करायची. सॉमरसेटमध्ये हे एप्रिल २०२३ लाच झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्या नव्या काउन्सिलनं पैशांची आणीबाणी जाहीर केली, मग सार्वजनिक टॉयलेट, बागा अशी कामं गावांच्या आणि छोट्या शहरांच्या काउन्सिलनी आपल्याकडे घेतली, नाहीतर ती बंद पडायची वेळ आली होती. साहजिकच त्यांचे प्रीसेप्ट वाढले. हेच उद्या बाकीच्या ठिकाणी होणार असं मला दिसतंय. वरचं ऑफिस अजून लांब जाणार आणि आपल्या पायी पोचता येईल अशी एकच काउन्सिल उरणार, ती ही. तिच्याकडे काम वाढणार, पैसा वाढणार, आणि बघणारी माणसं तेवढीच राहिली तर ते धोक्याचं आहे.

बघायचं कसं, तर हिशोब बघा. दर वर्षी ३० कामाचे दिवस असे असतात की कुणीही संबंधित माणूस काउन्सिलचे हिशोब, बिलं, पावत्या, करार मागून बघू शकतो, आणि जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस त्यात यायलाच लागतात. मतदार असाल तर ऑडिटरकडे हरकतही घेता येते. त्याची नोटीस त्याच बोर्डावर लागते. मी क्लार्कबाईंना मेल करून वेळ घेतली आणि जाऊन फाइल चाळली, गवत कापायच्या कंत्राटाची, इन्शुरन्सची, हॉलच्या भाड्याची बिलं. सगळं नीट होतं. त्या म्हणाल्या की असं बघायला सहसा कुणी येतच नाही, आणि त्यांना राग नाही आला, उलट चहा दिला आणि प्रत्येक बिल समजावून सांगितलं. ज्यानं नीट लिहून ठेवलंय त्याला कुणीतरी वाचलं की बरंच वाटतं.

आणि बोलायचं असेल तर १ मार्च ते १ जून यात गावाची वार्षिक सभा असते, अ‍ॅन्युअल पॅरिश मीटिंग. ही काउन्सिलची मीटिंग नाही, ही गावाची. ग्रामसभेच्या सगळ्यात जवळची गोष्ट हीच. संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना जमावं. यात प्रत्येक मतदाराला बोलायचा आणि मत द्यायचा हक्क. चेअरमननी बोलावली नाही तर सहा मतदार मिळून अशी सभा बोलावू शकतात. हजर असलेल्यांपैकी दहा जणांनी किंवा एक तृतीयांशांनी, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी, मागणी केली तर त्या प्रश्नावर गावात मतदान घ्यावं लागतं. त्या मतदानाचा निकाल काउन्सिलवर बंधनकारक नसतो, आपल्या ग्रामसभेला कायद्यानं जेवढी ताकद दिलीय तेवढी या सभेला नाही, हे मान्य. पण गावानं मोजून दिलेलं मत बाजूला सारणं कुठल्याच मेंबरला सोपं जात नाही.

सहा मतदारांचा आकडा अजून एका ठिकाणी येतो आणि त्याच्यामागे सध्या आम्ही काही जण लागलोय. अलॉटमेंट. १९०८ चा कायदा आहे, गावातल्या सहा मतदारांनी लिहून दिलं की आम्हाला भाजी लावायला जागा पाहिजे, तर पॅरिश काउन्सिलनं त्याचा विचार करायलाच हवा, आणि गावात खरंच मागणी आहे असं तिचं मत झालं तर जागा उपलब्ध करून देणं हे तिचं कर्तव्यच आहे. आमच्या गावात पूर्वी अलॉटमेंट होत्या म्हणतात, नंतर गेल्या. आम्ही सह्या गोळा केल्या. शेजारचे रिटायर्ड जोडपं, शाळेतली एक शिक्षिका, नवीन घरात आलेलं एक पोलिश कुटुंब, आम्ही, आणि वरच्या गल्लीतली एक वर्षाच्या बाळाची आई, जिच्या फ्लॅटला बाल्कनी पण नाहीये. सहाच्या वर सह्या सहज झाल्या. पत्र क्लार्कला दिलं, अजेंड्यावर आलं. एका मेंबरनी विचारलं की एवढी मागणी खरंच टिकेल का, प्रश्न रास्त होता, जमीन भाड्यानं घेतली आणि वर्षात अर्ध्या वाफ्यांवर गवत उगवलं तर पैसे गावाचे जाणार. मग काउन्सिलनं गावात पत्रक वाटून नावं मागवायची ठरवली आणि आलेली नावं बघून सगळ्यांना आश्चर्य वाटलं, जागा मिळाली तरी वेटिंग लिस्ट ठेवावी लागेल अशी वेळ.

जुन्या पद्धतीचा पूर्ण वाफा दहा रॉडचा असतो, म्हणजे बरोब्बर अडीच गुंठे. नोकरी करून एका घराला एवढं पेलत नाही, त्यामुळे अर्धे अर्धे करायचे असं चाललंय. भाडं किती, पाण्याचा नळ कोण आणणार, शेड बांधायची की नाही, कुंपण कुणाच्या खर्चानं, हे सगळं अजून बाकी आहे. कोंबड्या आणि ससे पाळायचा हक्क मात्र १९५० च्या कायद्यानंच आहे, फक्त कोंबडा चालत नाही, त्यामुळे त्यावर वाद नाही. मी मेथी, कोथिंबीर, मुळा आणि लाल भोपळा लावणार आहे, शिक्षिकाबाईंना मेथी कशी लावायची ते हवंय आणि त्या मला मटारचं शिकवणार आहेत.

चर्चच्या मागचा जमिनीचा तुकडा भाडेपट्ट्यानं मिळेल का असं मालकाला क्लार्कनं विचारलंय. मालकाचं पहिलं पत्र आलं, त्यात त्यांनी भाडं जास्त सांगितलंय आणि मुदत कमी, पाच वर्षं. फळझाड नीट भरात येईतो पाच वर्षं संपून जातील. त्यामुळे पुढच्या मीटिंगला जास्त मुदतीची मागणी करायचा ठराव यावा असं आम्ही दोन मेंबरांशी बोलून ठेवलंय, आणि सह्या केलेल्या सगळ्यांना मी मेसेज टाकलाय की या वेळी पत्र नको, स्वतः या, बाळाला घेऊन या, लोकांसाठीची पंधरा मिनिटं सुरुवातीलाच असतात.